अंगात ताप आणि उद्याचं विमान: जायचं की थांबायचं, हे घरीच कसं ठरवाल

सांगलीहून विमान पकडायचं म्हणजे विमानात बसण्याआधीच बराच प्रवास झालेला असतो. कोल्हापूरचं उजळाईवाडी विमानतळ त्यातल्या त्यात जवळ, पन्नासेक किलोमीटरवर. पुण्याचं लोहगाव सव्वादोनशेच्या पुढे. परदेशी जायचं तर बहुतेकांना मुंबईच गाठावी लागते, मग रात्रीची ट्रॅव्हल्स, महालक्ष्मी एक्स्प्रेस नाहीतर भाड्याची गाडी. त्यामुळे एकदा घर सोडलं की माणूस मागे फिरत नाही. अंगात कणकण असली तरी ‘आता इथवर आलोच आहोत’ म्हणून पुढे जातो.

‘डॉक्टर, विमानाने जाऊ का?’ हा प्रश्न माझ्या दवाखान्यात नेहमी येतो, पण बहुतेक वेळा बॅगा भरून झाल्यावर येतो. पहिल्यांदा विमानात बसणाऱ्यांची अडचण आणखी मोठी. कुणाला विचारायचं, विमान कंपनीला काय सांगायचं, तिकिटाचे पैसे बुडतात का, काहीच माहीत नसतं. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. जायचं की थांबायचं याचा निर्णय निघण्याच्या आदल्या दिवशी, सांगलीत, घरात बसून करायचा. विमानतळाच्या काउंटरवर नाही.

आधी आजाराचं नाव कळू द्या

‘व्हायरल आहे’ एवढ्यावर काहीच ठरवता येत नाही. सर्दीही व्हायरल, गोवरही व्हायरल आणि डेंग्यूही व्हायरल. तिघांचे नियम वेगळे. म्हणून प्रवास दोन-तीन दिवसांवर असताना ताप आला तर तो अंगावर काढू नका. डॉक्टरांकडे जाताच ‘अमुक तारखेला विमान आहे’ हे पहिल्या वाक्यात सांगा. मग तपासण्या त्या हिशेबाने होतात. कोविडचं घरच्या घरी करायचं किट औषधाच्या दुकानात मिळतं, पण लागण झाल्यावर पहिल्या दिवशी ते निगेटिव्ह येऊ शकतं. लक्षणं असतील तर एक-दोन दिवसांनी परत करा.

डेंग्यू आणि चिकुनगुन्या यांचा हिशेब वेगळा आहे. ते डासांमुळे पसरतात, शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाला तुमच्या श्वासातून होत नाहीत. तरीही डेंग्यूत विमान नको म्हणते, ते तुमच्यासाठी. डेंग्यूत साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान ताप उतरतो, घरचे म्हणतात ‘बरं वाटतंय आता’, आणि नेमके त्यापुढचे २४ ते ४८ तास धोक्याचे असतात. याच काळात प्लेटलेट घसरतात, रक्तदाब उतरतो, पोटात दुखायला लागतं, रक्तस्राव होऊ शकतो. असं आकाशात झालं तर सलाईन लावायला कुणी नाही. ताप गेल्यावर किमान दोन दिवस जाऊ द्या, रक्त परत तपासा, प्लेटलेटचे आकडे वर चढताना दिसले की मगच निघा.

मग दिवस मोजा

संसर्गाचे दिवस बहुतेक आजारांत मोजता येतात. कॅलेंडर काढा, पहिलं लक्षण कधी दिसलं त्या तारखेला खूण करा, आणि तिथून पुढे मोजा.

फ्लू लक्षणं दिसण्याच्या साधारण एक दिवस आधीपासून पसरतो, आणि नंतर पाच ते सात दिवस. लहान मुलांत त्याहून जास्त दिवस. फ्लू, कोविड आणि नाव न कळलेला ताप-खोकला, या तिन्हींसाठी एक नियम पक्का धरा: पॅरासिटामॉल न घेता सलग २४ तास ताप नसला पाहिजे आणि खोकला उताराला लागलेला असला पाहिजे. ‘न घेता’ हे महत्त्वाचं. गोळी चार-सहा तास ताप दाबते, विषाणूला काहीही करत नाही. गोळी घेऊन विमानतळावर गेलेला माणूस अंगाला गार लागतो, पण खोकल्यातून तितकाच आजार वाटत जातो. या नियमात बसलात तरी पुढचे पाच दिवस गर्दीत मास्क ठेवा.

गोवराच्या बाबतीत कुणाचंही ऐकू नका, अगदी विमान कंपनीने विचारलं नाही तरी. पुरळ उठायच्या चार दिवस आधीपासून पुरळ उठल्यावर चार दिवसांपर्यंत तो पसरतो. रुग्ण खोलीतून निघून गेला तरी त्याचा विषाणू तिथल्या हवेत दोन तासांपर्यंत राहू शकतो. लस न घेतलेल्या समाजात एक रुग्ण १२ ते १८ जणांना गोवर देतो, असं मानलं जातं. आणि आपल्याकडे गोवराची पहिली लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर देतात. म्हणजे विमानात आईच्या मांडीवर जे सहा-सात महिन्यांचं बाळ असतं, त्याला लसीचं कसलंच संरक्षण नसतं. गोवराचा पुरळ असलेलं मूल विमानातच काय, डॉक्टरांकडे नेतानासुद्धा आधी फोन करून न्यावं, म्हणजे त्याला वेगळं बसवता येतं.

कांजिण्यांबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो.

फोड येण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून ते शेवटच्या फोडावर खपली धरेपर्यंत कांजिण्या पसरतात. याला साधारण पाच ते सात दिवस लागतात, मोठ्या माणसांत कधी जास्त. पण फोड एकदम येत नाहीत, टप्प्याटप्प्याने येतात. छाती-पाठीवरचे सुकत असतात तेव्हा दुसरीकडे नवे फुटत असतात. खानापूर-आटपाडीकडची गलाईची, म्हणजे सोनं-चांदी गाळायचा धंदा करणारी, माणसं देशभर पसरलेली आहेत. यात्रेला, लग्नकार्याला गावी येतात आणि ठरल्या दिवशी परत दुकानावर जातात. असेच एक मामा भाच्याला घेऊन आले. पोराच्या डोक्यावर टोपी, अंगात पूर्ण बाह्यांचा शर्ट.

“मॅडम, खपल्या धरल्यात की समद्या. परवाचं इमान हाय. टोपी घालून जाईल पोरगं, कुणाला कळतंय.”

“टोपी काढ बघू बाळा, उजेडात ये.”

छातीवरचे फोड खरंच सुकले होते, तपकिरी खपल्या धरून होत्या. केस बाजूला केले तर कानामागे आणि टाळूवर दोन फोड अजून ओले, दवाचा थेंब ठेवावा तसे चकाकत होते.

“मामा, हे बघा. हे सुकेपर्यंत विमान नाही.”

“दोनच हायत की!”

“एक असला तरी नाही. शेजारी पोटुशी बाई बसली असेल, केमोथेरपी घेणारं कुणी असेल. त्यांना या कांजिण्या जिवावर बेतू शकतात.”

मामा थोडा वेळ गप्प बसले आणि मग तिकीट काढून दिलेल्या पोराला फोन लावला. तारीख बदलून मिळाली.

तपासताना जागा ठरलेल्या आहेत: टाळू, कानामागे, तोंडाच्या आत, काखेत, जांघेत. दिवसाच्या उजेडात, अंघोळीनंतर बघा. सगळीकडे कोरडी खपली आणि २४ तासांत एकही नवा फोड नाही, तर संसर्ग संपला. खपली गळून पडायची वाट बघायची गरज नाही, डाग तर काही आठवडे राहतातच. पण डाग बघून विमानतळावर कुणी अडवू शकतं, म्हणून डॉक्टरांची चिठ्ठी जवळ ठेवा.

बाकीच्यांचं थोडक्यात. गालगुंड: गाल सुजल्यापासून पाच दिवस. डोळे आले असतील तर पाणी आणि चिकटा थांबेपर्यंत. २०२३ च्या पावसाळ्यात राज्यभर डोळ्यांची साथ आली होती तेव्हा बरेच जण काळा चष्मा लावून फिरत होते. नुसतं बघून डोळे येत नाहीत, ते हाताने येतात, म्हणून चष्म्यापेक्षा साबण कामाचा. लहान मुलांना हात-पाय-तोंडाला फोड येतात त्या आजारात ताप जाऊन फोड सुकेपर्यंत थांबा. उलट्या-जुलाबात शेवटची उलटी किंवा शेवटचा जुलाब झाल्यापासून ४८ तास. विमानातला संडास किती जण वापरतात ते डोळ्यांसमोर आणा. ‘ए’ प्रकारच्या काविळीत डोळे पिवळे झाल्यापासून साधारण आठवडाभर.

‘विमानातली हवा तर गाळलेली असते ना?’

असते, आणि ती चांगलीच गाळलेली असते. मोठ्या प्रवासी विमानांत हेपा नावाच्या गाळण्या असतात. अगदी बारीक कणांपैकी ९९.९७ टक्के कण त्या अडवतात. केबिनमधली हवा तासाला वीस ते तीस वेळा बदलते, साधारण अर्धी बाहेरून ताजी येते. वारा वरून खाली वाहतो, विमानाच्या लांबीने फारसा फिरत नाही. सगळ्याच लहान विमानांत मात्र अशा गाळण्या असतात असं नाही.

पण शेजारी बसलेल्याचा खोकला गाळणीपर्यंत जाण्याआधी तुमच्या नाकापर्यंत येतो. गाळणीला तिथे काही करता येत नाही. १५ मार्च २००३ ला हाँगकाँगहून बीजिंगला गेलेल्या विमानात सार्सचा, म्हणजे कोविडच्याच जातकुळीतल्या श्वसनाच्या गंभीर आजाराचा, एक रुग्ण होता. प्रवास तीन तासांचा, विमानात १२० माणसं. त्यांतल्या २२ जणांना नंतर सार्स झाला, आणि काही जण त्या रुग्णाच्या सात रांगा पुढे बसलेले होते. त्याआधी १९७७ मध्ये अलास्कात एक विमान बिघाडामुळे तीन तास जमिनीवरच उभं राहिलं. हवा खेळवणारी यंत्रणा बंद होती, आत फ्लूने खोकणारा एक प्रवासी होता. तीन दिवसांत ७२ टक्के प्रवासी आजारी पडले.

म्हणून विमान जमिनीवर उभं असताना, चढता-उतरताना रांगेत ताटकळताना आणि विमानतळाच्या बसमध्ये मास्क नाकावरून खाली घेऊ नका.

‘मग विमान नको, रात्रीच्या एसी स्लीपरने जातो’, हेही उत्तर नव्हे. बंद काचांच्या बसमध्ये तीच हवा रात्रभर फिरत राहते आणि तिथे तसली गाळणीही नसते. संसर्गाचे दिवस चालू असतील तर विमान, रेल्वे, वडाप, सगळंच थांबवायचं. मुंबईच्या प्रवासात तर जास्तच जपायला हवं. आपल्या भागातले कितीतरी रुग्ण कॅन्सरच्या उपचाराला मुंबईला जात-येत असतात.

तुमच्या स्वतःच्या अंगाला काय होतं

विमान पस्तीस हजार फुटांवर असतं तेव्हा आतला हवेचा दाब सहा ते आठ हजार फुटांवरच्या डोंगरावर असतो तेवढा ठेवलेला असतो. आपलं महाबळेश्वर साडेचार हजार फुटांच्या आसपास. म्हणजे महाबळेश्वराहून उंच जागी काही तास बसल्यासारखं. धडधाकट माणसाला जाणवत नाही. पण छातीत कफ भरलेला, दमेकरी, न्यूमोनियातून नुकता उठलेला किंवा हृदयाचा रुग्ण असेल तर ऑक्सिजन खाली येतो आणि धाप लागते. कोविडच्या काळात घेतलेला ऑक्सिमीटर घरात पडून असेल तर काढा. शांत बसल्यावर आकडा ९५ च्या खाली असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय विमानात बसू नका.

दुसरं म्हणजे कान. साध्या सर्दीतही नाकामागची नळी सुजून बंद होते. विमान उतरायला लागलं की बाहेरचा दाब वाढतो, आत हवा जात नाही आणि पडदा आत ओढला जातो. दुखणं इतकं असतं की मोठी माणसंही कळवळतात, कधी पडदा फाटून रक्त येतं. उतरताना जागे राहा, घोट घोट पाणी प्या, लिमलेटची गोळी चघळा, नाक दाबून तोंड मिटून हलकेच फुंका. जोरात नको. बाळाला उतरताना अंगावर पाजा किंवा बाटली द्या, गिळताना नळी उघडते. नाक मोकळं करणारे थेंब उतरण्याआधी अर्धा तास टाकले तर उपयोग होतो, पण रक्तदाबवाल्यांनी आणि लहान मुलांसाठी ते डॉक्टरांना विचारूनच. कान आधीच ठणकत असेल, तर प्रवास पुढे ढकला.

कंपनीला फोन, तिकीट आणि चिठ्ठी

संसर्गजन्य आजार दिसत असलेल्या प्रवाशाला विमानात न घेण्याचा अधिकार कंपनीला असतो. तिकिटासोबतच्या अटींत ते लिहिलेलं असतं, कुणी वाचत नाही एवढंच. म्हणून लपवून नेण्यापेक्षा आदल्या दिवशी फोन करा. तिकिटाचा पीएनआर नंबर हाताशी ठेवा आणि सरळ विचारा: आजारपणामुळे तारीख बदलायची आहे, डॉक्टरांचं सर्टिफिकेट देते किंवा देतो, शुल्कात काही सवलत मिळेल का? दरवेळी मिळेल असं नाही, पण न विचारता तर कधीच मिळत नाही. विमान सुटून गेल्यावर केलेल्या फोनला फारसा अर्थ उरत नाही, त्यामुळे वेळेत करा.

तिकीट रद्दच करायचं असेल तर एक लक्षात ठेवा. ‘पैसे परत नाहीत’ या प्रकारचं तिकीट असलं तरी त्यातले कर आणि विमानतळाचे आकार प्रवाशाला परत द्यायचे, असा डीजीसीएचा, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याचा, नियम आहे. एजंटाकडून तिकीट काढलं असेल तर त्याच्याकडून हा हिशेब लेखी मागा. प्रवास विमा काढला असेल तर रद्द करण्याआधी विमा कंपनीला कळवा.

बरं झाल्यावर जायचं असेल तर ‘फिट टू फ्लाय’ सर्टिफिकेट घ्या. त्यात चार गोष्टी हव्यात: आजाराचं नाव, सुरू झाल्याची तारीख, आता संसर्ग नाही असं स्पष्ट वाक्य, आणि विमानप्रवासाला हरकत नाही हे. खाली डॉक्टरांची सही, शिक्का, नोंदणी क्रमांक. काही कंपन्या स्वतःचा वैद्यकीय फॉर्म भरून मागतात, तो फोनवरच विचारून घ्या. डॉक्टरांनाही विनंती: रुग्णाला न बघता, ‘ओळखीचे आहेत’ म्हणून अशी चिठ्ठी देऊ नये.

परदेशी जाताना आणखी एक. आखाती देशांत काही खोकल्याच्या आणि वेदनाशामक औषधांवर कडक निर्बंध आहेत. कोडीन आणि ट्रामाडॉल ही त्यांतली नावं. संयुक्त अरब अमिरातीत ती परवानगीशिवाय नेता येत नाहीत. आजारातून उठून जाताना पिशवीत ही औषधं सहज राहून जातात. बाटलीवरचं नाव वाचा, औषधं मूळ वेष्टनात ठेवा आणि सोबत डॉक्टरांची चिठ्ठी ठेवा.

जाणं टळतच नसेल तर

घरात कुणी गेलं, कुणी अत्यवस्थ आहे, अशी वेळ येते. तेव्हा नुसता नियम सांगून चालत नाही हे मला कळतं. तरी गोवर, कांजिण्या, गालगुंड आणि अंगात ताप असलेला फ्लू किंवा कोविड, यांत मी हो म्हणणार नाही. तिथे घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी पाठवा. अगदीच वेळ आली तर घरातल्याच कुणीतरी चालवलेल्या गाडीतून, काचा खाली करून, सगळ्यांनी मास्क लावून जा.

सर्दी आहे, किंवा ताप जाऊन दिवस झाला पण खोकला रेंगाळलाय, अशा वेळी विमानाने जाता येईल. मग असं करा. घरून पोटभर जेवून निघा, म्हणजे विमानात मास्क काढावा लागणार नाही. एन ९५ मास्क लावा, दोन जास्तीचे ठेवा, ओला झालेला बदला. खिडकीची जागा मागा, तिथून कमी उठावं लागतं आणि ये-जा करणाऱ्यांशी संबंध कमी येतो. डोक्यावरची हवेची झडप उघडी ठेवा. सुरक्षा तपासणीत चेहरा दाखवायला मास्क खाली घ्यायला सांगतात, तेवढाच घ्या. वापरलेले कागदी रुमाल समोरच्या खिशात कोंबू नका, एका पिशवीत बांधून स्वतः टाका, तो खिसा पुढचा प्रवासी हाताळतो. हातांना सॅनिटायझर चालेल, पण पोट बिघडवणाऱ्या काही विषाणूंवर तो पुरेसा चालत नाही, तिथे साबण-पाणीच हवं. वाटेत बरं वाटेनासं झालं तर बेल दाबून कर्मचाऱ्यांना सांगा. ते रागावत नाहीत, शक्य असेल तर जागा बदलून देतात.

आणि जिथे उतरणार आहात त्या घरी निघण्याआधी फोन करून सांगा. तिथे तान्हं बाळ, पोटुशी सून किंवा डायलिसिसवरचे आजोबा असतील तर चार दिवस दुसरीकडे राहायची सोय करा.

पोचल्यावर कळलं तर

कधी प्रवास होऊन जातो आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंगावर पुरळ दिसतो. गोवर पुरळाच्या चार दिवस आधीपासून पसरतो, म्हणजे विमानातले तास त्यात येतात. घाबरून गप्प बसू नका. डॉक्टरांना फोन करून निदान करून घ्या, विमान कंपनीला आणि तिथल्या सरकारी आरोग्य खात्याला कळवा. परत सांगलीत आला असाल तर सिव्हिल हॉस्पिटल किंवा जिल्हा परिषदेचा आरोग्य विभाग. तुम्हाला दंड करायला ते ही माहिती घेत नाहीत. संपर्कात आलेल्यांना ७२ तासांच्या आत गोवराची लस दिली तर आजार टळू शकतो किंवा सौम्य होतो. ज्यांना लस देता येत नाही अशी तान्ही बाळं आणि गरोदर बाया, यांना सहा दिवसांच्या आत इम्युनोग्लोब्युलिनचं, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं, इंजेक्शन देता येतं. त्यांना शोधायला विमानाचा क्रमांक, तारीख आणि तुमच्या आसनाचा क्रमांक लागतो. तेव्हा बोर्डिंग पास उतरल्या उतरल्या फेकू नका, त्याचा फोटो मोबाइलमध्ये निदान तीन आठवडे राहू द्या.